राजा भोज आणि छायाप्रकाशाची भाषा

राजा भोजाशी आपल्यापैकी बहुतेकांची पहिली ओळख होते ती एका म्हणीतून. कुठे तो राजा भोज आणि कुठे तो गंगू तेली, असे कोणी म्हटले की भोज मोठा आणि तेली लहान एवढे आपल्याला कळते, आणि तेवढ्यावर आपण समाधान मानतो. काही मंडळी सांगतात की, गंगू म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव आणि तेली म्हणजे उत्तरकालीन चालुक्यांच्या घराण्याचा संस्थापक तैलप. मला ही व्युत्पत्ती पटत नाही. गांगेयदेव भोजाचा समकालीन होता खरा, पण भोज गादीवर आला तेव्हा तैलप हयातही नव्हता. तथापि म्हणीच्या निमित्ताने का होईना, मराठी वाचकाला माळवा आणि कर्नाटक एकाच वेळी आठवावेत हे योग्यच आहे. ज्या नियतकालिकाचा अर्धा भाग मराठी आणि अर्धा कानडी आहे, त्यात भोजावर लिहिताना तर दोन्ही प्रदेश डोळ्यांपुढे ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. ते का, हे पुढे येईलच.

सध्या माझे वास्तव्य भोपाळला आहे. संगणकाच्या साहाय्याने चित्रे कशी निर्माण करावीत, हा माझा शिकवण्याचा विषय. भोपाळात राहणाऱ्याला भोज टाळता येत नाही. विमानतळ त्याच्या नावाचा, मुक्त विद्यापीठ त्याच्या नावाचे. येथील मोठा तलाव त्यानेच बांधला असे परंपरा सांगते. २०११ साली त्या तलावाचे भोजताल असे नामकरण झाले आणि पाण्यात एका बुरुजावर त्याचा भव्य पुतळा उभा राहिला. गावाचे नावसुद्धा भोजपाल ह्या शब्दावरून आले असे लोक मानतात. आजचे शहर वसवले ते अठराव्या शतकात दोस्त महंमद खानाने. पण शहराच्या मनात राजा एकच. इतके सगळे नाव ऐकून ऐकून माणूस ह्या राजाविषयी वाचू लागतो, आणि वाचता वाचता आपल्याच धंद्याची एक गोष्ट त्याच्या ग्रंथात अनपेक्षितपणे सापडते. माझे तसे झाले.

भोज हा परमार घराण्यातला. राजधानी धारा, म्हणजे आजचे धार. बापाचे नाव सिंधुराज. पण भोजाची कथा नेहमी सुरू होते ती चुलत्यापासून, वाक्पती मुंजापासून. मुंज स्वतः कवी आणि मोठा लढवय्या. जैन आचार्य मेरुतुंगाने चौदाव्या शतकाच्या आरंभी रचलेल्या प्रबंधचिंतामणीत एक हकीकत दिली आहे. ज्योतिषाने भविष्य वर्तवले की, हा मुलगा पंचावन्न वर्षे, सात महिने आणि तीन दिवस राज्य करील. मुंजाच्या मनात पाप आले आणि त्याने पुतण्याचा वध करण्याची आज्ञा दिली. मारेकऱ्याचा हात चालेना. मुलाने चुलत्यासाठी एक श्लोक लिहून दिला. पृथ्वीवर मोठमोठे राजे होऊन गेले, पण ती एकाच्याही बरोबर गेली नाही, तुमच्याबरोबर मात्र ती जाईलसे दिसते, असा त्याचा आशय. तो वाचून मुंज ढसढसा रडला, आणि मग मुलगा जिवंत असल्याचे त्याला सांगण्यात आले. कथा सुरेख आहे, परंतु इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. मुंजानंतर सिंधुराज गादीवर बसला होता आणि भोज त्याच्या मागून आला, हे निश्चित आहे.

मुंजाचा शेवट मात्र खराच करुण आहे. तैलपाशी त्याची अनेक युद्धे झाली. गोदावरी ओलांडू नका, असे प्रधान रुद्रादित्याने परोपरीने विनवले. मुंजाने ऐकले नाही. तो पकडला गेला आणि कैदेतच मारला गेला. कैदेत असताना तैलपाच्या बहिणीवर, मृणालवतीवर, त्याचे मन जडले, त्याने पळून जाण्याचा बेत तिला सांगितला आणि तिने तो फोडला, असे मेरुतुंग सांगतो. खरे-खोटे कसेही असो, धारेच्या राजवाड्यात भोज वाढला तो ह्या अपमानाच्या आठवणीत.

त्याचा सर्वांत जुना ताम्रपट मोडासा येथला, इ. स. १०११ चा, म्हणून त्याच्या राज्यारोहणाचे वर्ष साधारणपणे १०१० धरतात. पुढची पंचेचाळीस वर्षे लढायांची आहेत. त्या सगळ्या सांगत बसलो तर अंकाची पाने पुरणार नाहीत, आणि खरे म्हणजे त्यांत मला तितकासा रसही नाही. पण दोन-तीन गोष्टी आपल्या भागाशी निगडित आहेत. १०२० साली भोजाने कोकण जिंकल्याच्या सोहळ्यानिमित्त दाने दिली. बेटमा आणि बांसवाडा येथले त्याचे ताम्रपट त्याची साक्ष देतात. उलट, त्याच सुमाराचा, १०१९ चा, बळ्ळिगावीचा एक शिलालेख चालुक्य जयसिंहाला भोजरूपी कमळाचा चंद्र म्हणतो. चंद्र उगवला की कमळ मिटते, हा त्यातला टोमणा. म्हणजे माळव्यात विजयाचा उत्सव आणि कर्नाटकात त्याच शत्रूला मिटवल्याची फुशारकी, दोन्ही एकदम. दोन राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्यांना ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

नंतर जयसिंहाचा मुलगा पहिला सोमेश्वर गादीवर आला. त्याने थेट धारेवर चाल केली, शहर लुटले आणि जाळले. भोजाला राजधानी सोडून पळावे लागले. बिल्हण कवीने ह्याचे वर्णन केले आहे आणि कर्नाटकातले शिलालेखही त्याला दुजोरा देतात. सोमेश्वराचे सैन्य परत गेल्यावर भोज धारेत आला आणि पुन्हा बांधू लागला. हा पहिला सोमेश्वर वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याच्या नातवाशी आपल्याला पुढे काम आहे.

भोजाचे खरे वैभव तलवारीत नव्हते. व्याकरण, साहित्यशास्त्र, योग, ज्योतिष, शैवदर्शन, वास्तुशास्त्र, किती विषयांवर त्याच्या नावाचे ग्रंथ आहेत! परंपरा चौऱ्याऐंशी सांगते. तो आकडा कौतुकाचा म्हणून सोडून दिला तरी शृंगारप्रकाशासारखा छत्तीस प्रकाशांचा प्रचंड ग्रंथ, सरस्वतीकंठाभरण ह्या एकाच नावाचे व्याकरणावर आणि अलंकारशास्त्रावर असे दोन ग्रंथ, योगसूत्रांवरची राजमार्तंड ही टीका आणि १०४२ साल आधारभूत धरून रचलेला राजमृगांक हा ज्योतिषग्रंथ एवढे तरी हाती उरतातच. अल्-बेरुनी १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर लिहीत होता. धारेला आपल्या काळी भोजदेव राज्य करतो, अशी नोंद त्याने केली आहे. कल्हणाच्या राजतरंगिणीत तर एक हकीकत अशी आहे की वाचून हसू येते आणि आदरही वाटतो. काश्मिरातल्या कपटेश्वर येथल्या पापसूदन तीर्थाला भोजाने पैसा पुरवून कुंड बांधवले, आणि त्याच तीर्थाच्या पाण्याने रोज मुख धुण्याचा नेम केला. पाणी काचेच्या कलशांतून काश्मीरहून माळव्यात येत असे. हौस करावी तर अशी.

एवढे सगळे एका माणसाने, त्यातही सतत घोड्यावर असलेल्या माणसाने, लिहिले असेल का? माझे मत असे की, भोजाने एक मोठी विद्वत्सभा चालवली, विषय वाटून दिले, वाचून घेतले, काही स्वतः लिहिले आणि सगळ्यावर स्वतःचे नाव घातले. ह्यात त्याला कमीपणा नाही. राजाने पदरी केवळ भाट बाळगण्यापेक्षा हे शतपटीने बरे. पण ज्यांच्या तोंडून ही विद्या बाहेर आली, ते स्थपती, पाथरवट आणि चितारी बहुतेक निनावीच राहिले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १०३४ सालच्या लेखाची अंबिकेची एक मूर्ती आहे. भोजाच्या अधिकाऱ्याने, वररुचीने, ती करवली. तिच्यावर मूर्तिकाराचे नाव आहे: सूत्रधार साहिराचा मुलगा मनथल. असे नाव क्वचितच सापडते.

आता मुख्य ग्रंथाकडे वळतो. समरांगणसूत्रधार हा भोजाचा वास्तुशास्त्रावरचा ग्रंथ, एकंदर ८३ अध्यायांचा. सूत्रधार म्हणजे मापाची दोरी हाती धरणारा. आपला सुतार हा शब्द त्याच्यापासूनच आला. म्हातारा होत चाललेला पाथरवट हातातली विद्या मुलाला देतो ती दाखवून, बोलून नव्हे. भोजाने ती शब्दांत बांधायला घेतली. नगर कसे आखावे, घर कुठे असावे, देवळांचे प्रकार किती, प्रत्येकाचे माप काय, हे सगळे त्यात आहे. ग्रंथ छापला गेला तो १९२४–२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत, त. गणपतिशास्त्री यांच्या संपादनाखाली, दोन भागांत. हाती आलेल्या पोथ्या फार अशुद्ध होत्या. पुष्कळ ठिकाणी शब्द गळालेले, पाठ बिघडलेले.

ह्या ग्रंथाचे नाव सभांतून ऐकू येते ते बहुधा एकतिसाव्या अध्यायासाठी. त्यात यंत्रांचे वर्णन आहे आणि पाऱ्याच्या बळावर उडणाऱ्या लाकडी पक्ष्याचाही उल्लेख आहे. वक्ते मग विमानविद्येपर्यंत जाऊन पोचतात. यंत्रांची घडण गुप्ततेसाठी सांगितलेली नाही, अज्ञानामुळे नव्हे, असे ग्रंथकार स्वतःच म्हणतो. ज्याची कृती दिलेली नाही ते यंत्र बनवता येत नाही. तिथे अभिमान कशाचा धरायचा? मला भोजाचा अभिमान वाटतो तो ग्रंथाच्या दुसऱ्या टोकाला, एकाहत्तराव्या अध्यायापासून पुढे चित्रकलेचा विषय येतो तेथे. पण त्याआधी माझ्या धंद्याविषयी चार शब्द सांगणे भाग आहे.

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र म्हणजे लाखो बारीक ठिपके. एखादे देऊळ काढायचे तर त्याचा आकार आकड्यांत भरून द्यावा लागतो. मग प्रत्येक ठिपक्यापाशी यंत्राला प्रश्न पडतो की, येथे जो दगड दिसतो आहे तो किती उजळ आणि किती काळसर रंगवायचा. दगडाचा तो बिंदू कोणत्या दिशेला तोंड करून आहे, प्रकाश कोठून येतो आणि पाहणारा कोठे उभा आहे, एवढी माहिती घेऊन उत्तर देणारी जी छोटीशी आज्ञावली असते तिला शेडर म्हणतात, आणि असे शेडर लिहिण्यासाठी ज्या भाषा तयार केल्या आहेत त्या शेडिंग लँग्वेज. चितारी ब्रशाने जे करतो ते येथे शब्दांनी आणि सूत्रांनी सांगायचे असते.

सुरुवातीला सूत्रे होती ती डोळ्यांना बरी दिसणारी. १९७५ साली बुई तुओंग फोंग ह्या तरुण व्हिएतनामी संशोधकाने चकाकी दाखवण्याचे एक साधे सूत्र प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी तो वारला. सूत्र आजही शिकवले जाते. १९८४ मध्ये रॉबर्ट कुकने दाखवून दिले की, सगळ्या वस्तूंना एकच सूत्र लावण्याऐवजी प्रत्येक पृष्ठभागाची कृती वेगळी लिहिता आली पाहिजे. त्यातूनच पुढे रेंडरमॅनची भाषा आली; पॅट हॅनरहान आणि जिम लॉसन यांनी तिच्यावरचा निबंध १९९० मध्ये वाचला. दरम्यान १९८६ साली जेम्स काजियाने प्रकाशाच्या जमाखर्चाचे समीकरण मांडले होते. पृष्ठभागावर जितका प्रकाश पडतो त्याहून अधिक त्याने परत देता कामा नये, एवढी साधी शिस्त पाळली की चित्र खऱ्यासारखे दिसू लागते. ह्यालाच भौतिक नियमांवर आधारलेले रेंडरिंग म्हणतात. ओपन शेडिंग लँग्वेज ही भाषा सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सने २०१० मध्ये खुली केली. तिच्यात तर शेडर शेवटचा रंग सांगतच नाही. हा पृष्ठभाग इतका मंद, इतका चकचकीत, इतका खडबडीत, एवढे स्वभाववर्णन तो करतो. प्रकाशाचा हिशेब दुसरीकडे होतो.

आता भोजाकडे या. चित्राची आठ अंगे तो मोजतो. पहिले वर्तिका, म्हणजे रेखाटनाची कांडी. तिच्यासाठी माती कोणती घ्यावी इथपासून सांगितले आहे. दुसरे भूमिबंधन, म्हणजे ज्याच्यावर काढायचे ती भिंत किंवा फळा तयार करणे. त्याला स्वतंत्र अध्याय आहे. पुढे रेखाकर्म, वर्णकर्म, आणि त्यानंतर वर्तनाक्रम. वर्तना म्हणजे शेडिंग. रंग भरून झाला की चित्र संपले असे तो मानत नाही. सपाट रंगाला गोलाई देण्याचे काम तो वेगळे काढतो आणि त्याला क्रम असतो हे नावातच सांगतो. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. आकार वेगळा, रंग वेगळा आणि छटा वेगळी, ही विभागणी आम्ही पहिल्याच तासाला मुलांना शिकवतो.

मोठ्या उत्सुकतेने पुढे पाने उलटली. वर्तनेला स्वतंत्र अध्याय नाही. भूमीला आहे, लेपकामाला आहे, मापांना आहेत. चेहऱ्यावरचे रस आणि दृष्टी यांनाही आहे. ह्या एका अंगाचे नाव तेवढे शिल्लक राहिले आहे. लिहिले होते आणि पोथीतून गळाले, की हे काही शब्दांत सांगता येत नाही म्हणून स्थपतींनी ते राजाला सांगितलेच नाही? मला दुसरी शक्यता अधिक संभवनीय वाटते. माती कालवण्याची कृती सांगता येते. हात कोठे हलका करायचा, हे सांगणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते.

भोजाच्या बरेच आधीच्या विष्णुधर्मोत्तर पुराणात, चित्रसूत्राच्या भागात, वर्तनेचे तीन प्रकार दिले आहेत: पानाच्या शिरांसारख्या रेघांची, अतिशय सूक्ष्म अशी, आणि ठिपक्यांची. ही झाली कुंचल्याची तऱ्हा. पण गडद कोठे करायचे आणि उजळ कोठे ठेवायचे? त्याचा स्पष्ट नियम मला सापडला तो मानसोल्लासात. उंच भागी रंग उजळ ठेवावा, खोलगट भागी श्यामल करावा, असे तो ग्रंथ सांगतो. मानसोल्लासाचा कर्ता चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. ग्रंथाचा काळ ११२९ च्या सुमाराचा. ज्या पहिल्या सोमेश्वराने धारा जाळली त्याचा हा नातू. आजोबांनी ज्या राजाचे शहर लुटले, त्याच राजाच्या ग्रंथातली उणीव नातवाच्या ग्रंथाने भरून निघावी! कानडी विभागाच्या वाचकांनी हे श्रेय अवश्य घ्यावे.

ह्या नियमात एक गोष्ट मुळीच नाही, ती म्हणजे दिवा. प्रकाश डावीकडून येतो की उजवीकडून, ह्याची चौकशीच नाही. नाकाचा कणा पुढे आला आहे म्हणून उजळ, डोळ्याची खोबण आत गेली आहे म्हणून काळसर. अजिंठ्याच्या भिंतींवर हेच दिसते. तिथल्या चेहऱ्यांवर सूर्य शोधू गेलात तर सापडायचा नाही. युरोपात प्रबोधनकाळातल्या चितारींनी खिडकी कोणत्या बाजूला आहे हे ठरवून सावल्या टाकल्या, आणि १७६० साली योहान लँबर्टने त्या सावल्यांचे गणित मांडले. प्रकाश जितका तिरपा पडेल तितका पृष्ठभाग मंद, आणि त्याचा उजळपणा कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात. आमच्या क्षेत्रात ह्याच मार्गाने काम सुरू झाले. मग २००० नंतर चित्रपटवाल्यांना कळले की, कोपरे आणि खाचा नुसत्या आकारावरूनच थोड्या काळ्या केल्या, दिव्याचा विचारही न करता, तर चित्राला एकदम वजन येते. त्याला ते ॲम्बिअंट ऑक्लूजन म्हणतात. ढगाळ दिवशी चहूकडून सारखा प्रकाश येत असताना खाचेला आभाळ कमी दिसते, म्हणून ती काळी, असे त्याचे भौतिक कारण. सोमेश्वराने समीकरण लिहिले नव्हते आणि हा शोध त्याचा म्हणून मिरवण्याचेही कारण नाही. पण त्याच्या चिताऱ्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते, एवढे मात्र आज हिशेबाने दाखवता येते.

भोपाळपासून सुमारे तीस किलोमीटरांवर, बेटवा नदीच्या काठी, भोजपूर आहे. तेथले भोजेश्वराचे देऊळ अपुरे आहे. आत सुमारे चाळीस फूट उंचीचे चार खांब आणि मधोमध साडेसात फूट उंच, अठरा फूट परिघाचे शिवलिंग. शिखर चढलेच नाही. देवळामागे मातीची लांब उतरण तशीच पडून आहे; तिच्यावरून धोंडे वर ओढून नेत. बांधकाम पुरे झाले असते तर ही उतरण काढून टाकली असती, आणि इतके मोठे दगड इतक्या उंच कसे चढवले हे आपल्याला कळलेच नसते. देवळाच्या दगडांवर पाथरवटांच्या हजाराहून अधिक खुणा आहेत. प्रत्येकाची खूण वेगळी, बहुधा मजुरीच्या हिशेबासाठी. निनावी माणसांची एवढीच सही.

पण मी तेथे वारंवार जातो तो आजूबाजूच्या सपाट खडकांसाठी. त्यांच्यावर छिन्नीने देवळांचे नकाशे कोरलेले आहेत: तलविन्यास, खांब, थर, शिखरांच्या रेषा. त्यांतली कित्येक देवळे कधी बांधलीच गेली नाहीत. ब्रिटनमधले अभ्यासक ॲडम हार्डी यांनी ही रेखाटने आणि समरांगणसूत्रधार शेजारी शेजारी ठेवून २०१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्द आणि रेघ एकमेकांना कोठे जुळतात हे त्यात तपासले आहे. पाहुण्यांना मी दुपारी तेथे नेत नाही. डोक्यावरच्या उन्हात खडक कोराच दिसतो. सूर्य खाली गेला की प्रकाश तिरपा होतो, कोरीव खाचेची एक कड उजळते आणि दुसरी काळी पडते, आणि बघता बघता पायांखाली अख्खे शिखर उमटते. लँबर्टचा कोसाइन शिकवण्यासाठी ह्याहून चांगला फळा मी पाहिलेला नाही.

एका वर्षी विद्यार्थ्यांनी हे देऊळ संगणकावर उभे करायचे ठरवले. मापे घेतली, छायाचित्रे काढली, आकार उत्तम साधला. पहिले चित्र तयार झाले आणि सगळ्यांचे चेहरे उतरले; देऊळ प्लॅस्टरचे वाटत होते. भिंतीला त्यांनी लँबर्टचा नियम जसाच्या तसा लावला होता. तो नियम धरतो की, पृष्ठभाग अगदी सारखा आणि मंद आहे. वालुकाश्म तसा नसतो. त्याच्या कणाकणांत बारीक दऱ्या असतात आणि म्हणून तो कडेलाही अपेक्षेपेक्षा उजळ दिसतो. पौर्णिमेचा चंद्र चेंडूसारखा न दिसता थाळीसारखा का दिसतो, त्याचे कारण हेच. अशा खडबडीत पृष्ठभागांसाठी मायकेल ओरेन आणि श्री नायर (श्री हे येथे नावच आहे) यांनी १९९४ मध्ये सूत्र दिले. ते लावले आणि भिंत दगडाची झाली. मग लिंगाची पाळी आली. तेही दगडाचेच, पण कारागिरांनी घासून घासून त्याला तकाकी आणली आहे. मुलांना खडबडीतपणाचा आकडा जवळजवळ शून्याशी आणावा लागला. एकाच दगडाला दोन आकडे, आणि त्या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे कोणा निनावी माणसाच्या हाताचे कित्येक महिन्यांचे श्रम. त्या दिवशी वर्तना ह्या शब्दाचा अर्थ मला मुलांना वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

भोजाने भोजपूरजवळ टेकड्यांच्या मधल्या खिंडी धरणांनी बंद करून अफाट तलाव केला होता. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशहा याने धरण फोडले आणि तलाव वाहून गेला; अजस्र दगडांच्या बांधाचे अवशेष मात्र आजही दिसतात.

शेवटी शेवटी राजाभोवती शत्रूंचा फास आवळत गेला. पूर्वेकडून गांगेयदेवाचा मुलगा कर्ण आणि पश्चिमेकडून गुजरातचा भीम, दोघांनी मिळून माळव्यावर चाल करण्याचे ठरवले. त्या धामधुमीतच भोज आजारी पडला आणि १०५५ च्या सुमारास वारला. धारा शत्रूंच्या हाती गेली. त्याच्यामागून जयसिंह नावाचा राजा गादीवर आला. १०५५ चा त्याचा मांधाता येथला ताम्रपट उपलब्ध आहे. त्याला गादी मिळाली ती कोणाच्या मदतीने? ज्याने पूर्वी धारा जाळली होती त्या पहिल्या सोमेश्वराच्या. कर्ण आणि भीम माळव्यात बळावणे त्यालाही परवडणारे नव्हते. म्हणून त्याने आपला मुलगा विक्रमादित्य याला सैन्य देऊन उत्तरेला पाठवले. हाच विक्रमादित्य मानसोल्लासकार सोमेश्वराचा बाप.

भोजपूरचे शिखर मात्र कोणीच चढवले नाही. गर्भगृहावरचे उघडे छत पुरातत्त्व खात्याने २००६–०७ च्या दुरुस्तीत फायबरग्लासने झाकले. त्याआधी तेथून थेट ऊन आणि पाऊस लिंगावर येत असत. आता आत येतो तो प्रकाश मुख्यतः दारातूनच. ते दार तेहेतीस फूट उंच आहे. लिंगाची एक बाजू त्या प्रकाशाने उजळते आणि दुसरी सावलीत राहते.